निर्वात पंपाचा तक्ता : एक परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे छापून येतात, नाटकांची येतात, क्वचित एखाद्या प्रदर्शनाचेही येते. कारखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या देखभालीच्या तक्त्याचे परीक्षण मात्र आमच्या पाहण्यात नाही. वास्तविक विज्ञानाशी संबंधित जो मजकूर आपल्याकडे रोज, कामासाठी, उभ्याउभ्या वाचला जातो, त्यात अशा तक्त्यांचा वाटा मोठा आहे. दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुलाच्या वाट्याला येणारा विज्ञानाचा शेवटचा धडा पुष्कळदा हाच असतो. तेव्हा पाठ्यपुस्तकातला धडा आपण ज्या कसोट्यांवर तपासतो त्याच कसोट्या याला लावून पाहाव्यात, असे आम्हांला वाटले.

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून नवघर, गोखिवरे, सातिवली, वालीव या बाजूंना गेले, की एकीला लागून एक अशा औद्योगिक वसाहती लागतात. हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता; १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. येथे एकेका गाळ्यात चालणारे छोटे उद्योग पुष्कळ. प्लॅस्टिकचा तापवलेला पत्रा साच्यावर बसवून त्याचे ट्रे बनवायचे असोत, खाण्याच्या जिनसांच्या पिशव्या हवा काढून बंद करायच्या असोत, की ओतण्यापूर्वी रेझिनमधले बुडबुडे काढायचे असोत, या कामांना वॅक्यूम पंप, म्हणजे निर्वात पंप, लागतो. तो बहुधा टेबलाखाली किंवा कोपऱ्यात असतो, आणि बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याच्या वरच्या भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेला एक कागद असतो. तोच हा तक्ता.

गाळ्यागाळ्यांतून शब्द बदलतात, पण आम्ही पाहिलेल्या तक्त्यांचा आशय साधारण असा : रोज तेलाची पातळी पाहावी. आठवड्यातून एकदा हवा आत घेण्याच्या बाजूची जाळी साफ करावी. चांगल्या प्रतीचे तेल वापरावे. दर ५०० तासांनी तेल बदलावे व जुने तेल काढून टाकावे. बाहेरच्या बाजूचा फिल्टर वर्षातून एकदा बदलावा. काम संपताच पंप बंद करावा. वेगळा आवाज आल्यास मालकांना कळवावे.

तक्ता वाईट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. भाषा सोपी आहे, वाक्ये छोटी आहेत. एका तक्त्यावर तर तेल पंप गरम असतानाच काढावे, असेही होते. ते अगदी योग्य. गरम तेल पातळ असते आणि खाली बसलेला गाळ बरोबर घेऊन येते. आमची तक्रार अशी, की यात एकाही सूचनेचे कारण दिलेले नाही. कारण माहीत नसलेला माणूस सूचना एक तर जशीच्या तशी पाळतो किंवा सोडून देतो. परिस्थिती बदलली तर ती कशी बदलावी, हे त्याला ठरवता येत नाही. आणि कारणे शिकवण्याचे काम ज्याचे, त्या शालेय पुस्तकाने ती अशा रीतीने शिकवलेली असतात, की गाळ्यात त्यांचा उपयोग होऊ नये. म्हणून हे परीक्षण तक्त्याचे आहे तसेच थोडे पाठ्यपुस्तकाचेही आहे.

पंपाची रचना प्रथम थोडक्यात पाहू. गोल पोकळीत एक दंडगोल फिरतो. त्याला रोटर म्हणतात. तो पोकळीच्या मध्यावर नसून एका बाजूला सरकवून बसवलेला असतो, त्यामुळे दोहोंच्या मध्ये चंद्रकोरीसारखी जागा राहते. रोटरच्या खाचांतल्या पात्या फिरताना पोकळीच्या भिंतीला घासत जातात आणि या कोरीचे कप्पे करतात. फिरताना कप्पा आधी मोठा होतो, तेव्हा त्यात हवा येते. मग लहान होतो, तेव्हा हवा दाबली जाते आणि बाहेरच्या हवेपेक्षा तिचा दाब थोडा वाढला, की झडप उघडून ती निसटते. फटी बुजवणे, घर्षण कमी करणे आणि उष्णता वाहून नेणे ही तिन्ही कामे तेल करते. बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर तेलाचे बारीक तुषारही निघतात; ते अडवण्यासाठी शेवटी एक्झॉस्ट फिल्टर असतो.

आता तक्त्यातली जाळीची सूचना घेऊ. आतल्या बाजूची जाळी, म्हणजे इनलेट फिल्टर, आठवड्याला साफ करावी, असे तक्ता म्हणतो. सूचना बरोबर आहे, पण ती न पाळल्यास काय होते? आम्ही काही गाळ्यांत हा प्रश्न विचारला. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळाले : पंपाला ओढायला जास्त जोर लागेल. म्हणजे पंप ओढतो, जाळी अडवते. जाळी तुंबली तर पंपाने आणखी जोर लावावा, आणि त्याला तो लावता येत नसेल तर मोठा पंप आणावा. खर्चाच्या दृष्टीने हा निष्कर्ष घातक आहे, आणि त्याचे मूळ शाळेत आहे.

शाळेत आपण नळीने सरबत पिण्याचा, ड्रॉपरचा, चेपणाऱ्या डब्याचा प्रयोग करतो. ऑटो फॉन गेरिके या जर्मन संशोधकाचे दोन अर्धगोल आणि दोन्हीकडे जुंपलेल्या घोड्यांच्या रांगा हे चित्रही मुलांना माहीत असते. (एका बाजूचे घोडे सोडून अर्धगोल भिंतीला बांधला असता तरी ताण तेवढाच पडला असता. हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे.) अर्धगोल बाहेरच्या हवेने दाबून धरले आहेत, हे मुले बरोबर शिकतात. पण आतली हवा कशी गेली याबद्दल पुस्तक एवढेच म्हणते, की पंपाने ती ओढून घेतली. बाहेरच्या हवेला ढकलणारी मानायचे आणि आतल्या हवेला ओढली जाणारी, ही विसंगती कोणाला खटकत नाही.

वायूला ओढता येत नाही. दोरीसारखे धरायला त्यात काही नसते. कप्पा मोठा झाला, की तेथे रेणू कमी होतात. भांड्यातले रेणू आपल्याच धडपडीने तिकडे पसरतात. पंप फक्त जागा करून देतो आणि आलेल्यांना परत जाऊ देत नाही. आता जाळीकडे पुन्हा पाहा. भांड्यात सुरुवातीला १०१३ मिलिबार दाब आहे, तेव्हा जाळीतून हवा ढकलायला मागे भरपूर दाब आहे. जाळी धुळीने इतकी भरली आहे, की पंपाच्या पूर्ण वेगाला तिच्यात ५ मिलिबार खर्च होतात, असे समजू. १०१३ मधून ५ गेले तर कोणाला कळणारही नाही. पण भांड्यातला दाब ५ मिलिबारवर आल्यावर? जाळीपलीकडे अगदी परिपूर्ण निर्वात असला तरी मागून ढकलायला एकूण ५ मिलिबारच उरले आहेत, आणि पंप केवढाही मोठा आणला तरी ते वाढणार नाहीत. ढोबळ हिशेब केला तर या जाळीमुळे १० मिलिबारला पंपाची क्षमता सुमारे एक तृतीयांशाने आणि ५ मिलिबारला निम्म्याच्या आसपास घटते. पंप मात्र तसाच गुरगुरत असतो. सुरुवातीला काटा झर्रकन खाली येतो आणि शेवटच्या टप्प्यावर रेंगाळतो, हे तुंबलेल्या जाळीचे लक्षण असू शकते. तक्त्यावर त्याचा उल्लेख नाही. काटा नेहमीच्या जागी यायला किती सेकंद लागतात ते नवी जाळी बसवल्या दिवशी भिंतीवर लिहून ठेवले, तर आठवड्याचा नियमही नको. वाढलेले सेकंदच सांगतील.

‘ओढणे’ या शब्दाची किंमत आम्ही स्वतःही मोजली आहे. आम्ही एकदा एका प्रयोगशाळेत काम करत असताना वीज गेली आणि पंप थांबला. भांड्याच्या तोंडाची झडप बंद करायला कोणी नव्हते, आणि हवा उलट जाऊ नये म्हणून पंपात जी झडप असते ती झिजलेली होती. बाहेरच्या हवेने पंपातले तेल नळीतून वर ढकलत थेट भांड्यात नेऊन ओतले. ते धुऊन काढण्यात आमचे तीन दिवस गेले. बोलताना आम्हीही ‘भांड्याने तेल ओढले’ असेच म्हणत होतो आणि भांड्याच्या बाजूने दोष शोधत होतो. बाहेरची हवा कोठून ढकलते आहे, हा प्रश्न विचारल्यावर ती झडप सापडली. वीज जाणे ही वसईकरांना नवलाची गोष्ट नाही. तरी वीज गेल्यावर प्रथम काय बंद करावे, याबद्दल आम्ही पाहिलेल्या एकाही तक्त्यावर ओळ नव्हती.

पण तक्त्याची सर्वांत मोठी उणीव पाण्याच्या बाबतीत आहे. ५०० तासांनी तेल बदला, ही सूचना कोणत्या हवेत लिहिली गेली असेल? वसई खाडीच्या आणि समुद्राच्या मध्ये आहे. जुलैत तापमान ३० अंश सेल्सियस आणि आर्द्रता ८० टक्के धरली, तर हवेच्या १०१३ मिलिबार दाबापैकी सुमारे ३४ मिलिबार पाण्याच्या वाफेचे असतात. त्याशिवाय ज्या वस्तूभोवतालची हवा काढायची, तिच्यात पाणी असते ते वेगळेच. अर्नाळ्याचे खडखडीत वाळलेले बोंबील निर्वात पिशवीत भरायला घेतले तरी त्यांत थोडे पाणी असतेच. दाब उतरला, की हे पाणी वाफ होऊन पंपात येते. शेवटच्या टप्प्यात तर पंपात हवा थोडी आणि वाफच फार, अशी स्थिती होते.

येथे वाफ आणि हवा यांच्यातला फरक महत्त्वाचा ठरतो. हवा दाबत गेलो, की तिचा दाब वाढतच जातो. वाफ दाबत गेलो, तर दाब एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि मग वाफेचे पाणी होऊ लागते. या मर्यादेला संपृक्त बाष्पदाब म्हणतात. पंप ७५ अंशांवर असेल तर ती सुमारे ३८५ मिलिबार असते. झडप उघडायला हजाराहून अधिक मिलिबार लागतात. म्हणजे कप्प्यात निव्वळ वाफ असेल तर झडप उघडण्याइतका दाब कधी होणारच नाही. वाफ आतल्या आत पाणी होते आणि तेलात मिसळते. तेल आधी धुरकट, मग दुधासारखे पांढरे दिसू लागते. अशा तेलाने फटी नीट बुजत नाहीत, आणि रात्रभर पंप बंद राहिला, की आतले लोखंड गंजते.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. उकळून सुमारे ६० अंशांपर्यंत निवू दिलेले पाणी तीनचार मिलिलिटर तिच्यात घ्यावे. (हे शिक्षकांनी स्वतः करावे, पाणी भाजण्याइतके गरम असते.) आतली हवा पूर्ण काढून तोंड टोपणाने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या मागे खेचावा. पाणी उकळू लागते, कारण ६० अंशांना त्याचा बाष्पदाब सुमारे २०० मिलिबार असतो आणि आतला दाब तेवढा उतरलेला असतो. आता दट्ट्या सोडावा. तो जवळजवळ मूळ जागी परत येतो आणि वाफ नाहीशी होते. पाण्यात विरघळलेल्या हवेचा एखादा बुडबुडा तेवढा राहील. मग तोच प्रयोग सिरिंजमध्ये दोन मिलिलिटर हवा ठेवून करावा. या वेळी दट्ट्या परत येऊन हवेपाशी थांबतो. वाफ दबून गेली, हवा दबली नाही. पंपाच्या झडपेला बाहेर ढकलू शकते ती हवा; वाफेला एकटीने ते जमत नाही.

वोल्फगांग गेडे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९३५ साली याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. कप्पा दबू लागला, की त्यात मुद्दाम थोडी बाहेरची हवा सोडायची. तिच्यामुळे वाफेचे पाणी होण्याआधीच झडप उघडण्याइतका दाब होतो आणि वाफ हवेच्या सोबतीने बाहेर पडते. याला गॅस बॅलास्ट म्हणतात. वसईच्या गाळ्यातल्या पंपावरही पुष्कळदा त्याची छोटी चावी असते. ती उघडली, की आवाज वाढतो आणि शेवटचा निर्वात थोडा उणा मिळतो. त्यामुळे कारण न सांगता ती दाखवली, तर कोणताही समंजस कामगार ती कायमची बंद करून ठेवील. आम्ही पाहिलेल्या बहुतेक चाव्या बंदच होत्या, काही तर रंगाखाली चिकटून बसलेल्या. तक्त्यात तिचे नावही नाही.

आता एक प्रश्न आम्हांला स्वतःला पडला होता. वसईची पावसाळी हवा आधीच दमट. तीच बॅलास्ट म्हणून आत सोडली तर फायदा कसला? आम्ही हिशेब करून पाहिला. पंपाच्या वेगाच्या एक दशांश इतकी हवा बॅलास्ट म्हणून घेतली, तर ७५ अंशांवर चालणारा पंप सुमारे ५० मिलिबार दाबाची शुद्ध वाफ पाणी न होऊ देता बाहेर टाकू शकतो. पावसाळी हवेच्या जागी चांगली कोरडी हवा घेतली, तर हा आकडा तीनएक मिलिबारने वाढतो, म्हणजे नावापुरताच. मात्र पंप नुकताच सुरू झालेला आणि ४० अंशांवर असेल, तर वाफेची मर्यादा ७४ मिलिबारवर येते, आणि तोच पंप त्याच चावीने जेमतेम ४ मिलिबार वाफ पेलतो. दमट हवेपेक्षा पंपाचा थंडपणा दहा पटींनी अधिक बाधतो, असे उत्तर आले. ते आम्हांला अपेक्षित नव्हते.

यावरून करायचे ते सोपे आहे. सकाळी काम जोडण्यापूर्वी इनलेटची झडप बंद ठेवून आणि बॅलास्टची चावी उघडून पंप वीस-तीस मिनिटे चालवावा. काम संपल्यावरही तसाच अर्धा तास चालवावा, म्हणजे दिवसभरात तेलात गेलेले पाणी निघून जाते. तक्ता म्हणतो, काम संपताच पंप बंद करावा. वीज वाचावी हा हेतू असणार. दोन अश्वशक्तीच्या मोटरला अर्ध्या तासाला फार तर पाऊण युनिट वीज लागते. त्यासाठी काही लिटर तेल आणि कधीतरी पात्यांचा संच पणाला लावणे परवडणारे नाही. एकच सूचना तक्त्यातून खोडायची असेल, तर आम्ही ही खोडू.

सातिवलीकडच्या एका गाळ्यात मात्र तक्त्याच्या कडेला पेन्सिलीने कोणीतरी लिहिले होते : पावसात आधी २० मिनिटे खाली चालवणे. ‘खाली’ म्हणजे काम न जोडता. लिहिणारा फिटर आता तेथे नव्हता, आणि हे का करायचे ते नव्या माणसाला ठाऊक नव्हते. तो ते केवळ लिहिले आहे म्हणून करत होता. छापलेल्या मजकुरापेक्षा समासातला हा मजकूर आम्हांला सरस वाटला. त्या फिटरने ५०० तास मोजण्याऐवजी काचेतून दिसणाऱ्या तेलाचा रंग पाहिला असणार, आणि कोणत्या सकाळी ते पांढरे होते याची मनात नोंद ठेवली असणार. निरीक्षण याहून वेगळे काही असते असे आम्हांला वाटत नाही.

बाहेरच्या फिल्टरकडे वळू. तक्ता दोन्ही बाजूंच्या फिल्टरांना कधी ‘जाळी’ म्हणतो, कधी ‘फिल्टर’. या एका शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. जाळी म्हटले, की चाळणी डोळ्यांसमोर येते : भोकांपेक्षा मोठे ते अडकते, लहान ते खाली जाते. शाळेतही गाळण्याची क्रिया म्हणून गाळणकागद आणि वाळूमिश्रित पाणी एवढेच असते. चाळणी धुता येते, झटकता येते. म्हणून एक्झॉस्ट फिल्टर तुंबला, की तो रॉकेलमध्ये बुचकळून कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकला जातो आणि परत बसवला जातो.

एक्झॉस्ट फिल्टर चाळणी नसतो. तो काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचा दाट गुंता असतो. त्यातून जाणारे पुष्कळ तुषार तंतूंमधल्या मोकळ्या जागांपेक्षा लहान असतात, तरी ते अडकतात. मोठे तुषार जड असल्यामुळे हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. मधले तुषार जवळून जाताना घासून चिकटतात. अगदी बारीक तुषारांना हवेचे रेणू इतके धक्के देत असतात, की ते वेडेवाकडे भरकटत कोठल्या तरी तंतूला लागतातच. गंमत अशी, की अशा फिल्टरातून सर्वांत जास्त निसटतात ते मध्यम, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण. त्यांहून लहान कण उलट अधिक अडकतात. चाळणीच्या कल्पनेत हे बसतच नाही. चिकटलेले तुषार एकत्र येऊन थेंब होतात आणि तेल पुन्हा खाली पंपात उतरते. उदबत्तीचा धूर कापसाच्या बोळ्यातून हळूहळू सोडून हे वर्गात दाखवता येईल. धुराचे कण कापसाच्या मोकळ्या जागांपेक्षा कितीतरी लहान असतात, तरी बोळा पिवळा पडतो.

असा फिल्टर जोराच्या हवेने फुंकला, की तंतूंचा गुंता फाटतो आणि वाटा पडतात. मग तो तुंबत नाही, आणि सगळ्यांना तो साफ झाला असे वाटते. काचतंतूंची नळी बदलायची असते, धुवायची नसते. आतल्या बाजूची कागदी नळी मात्र आतून बाहेर अशी हलकी हवा मारून काही वेळा वापरता येते. दोन वेगळ्या वस्तूंना तक्त्याने दोन वेगळी नावे दिली असती, तर हा गोंधळ टळला असता. वर्षाच्या मुदतीलाही फारसा अर्थ नाही. फिल्टर तुंबला, की मागे दाब साठतो, पंप अधिक तापतो आणि मोटर जास्त वीज घेते. गाळ्यात मोटरच्या तारेभोवती लावायचा मीटर बहुधा असतोच. नव्या फिल्टरवर मोटर किती अँपिअर घेते ते लिहून ठेवले, तर पुढचे मीटर सांगेल. तेल काचेवरच्या वरच्या खुणेच्या वर भरल्यानेही हा फिल्टर लवकर भिजून तुंबतो. ‘पातळी पाहावी’ म्हणणाऱ्या तक्त्याने पातळी जास्तही असू नये, हे सांगायला हवे होते.

तुंबलेल्या फिल्टरवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तो काढून टाकून पंप तसाच चालवणे. हेही आम्ही पाहिले आहे. पंप हलका चालतो, मोटर थंड राहते आणि गाळ्यात निळसर धूर तरंगतो. अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या नियमांत हवेतील खनिज तेलाच्या तुषारांची मर्यादा आठ तासांच्या पाळीसाठी दर घनमीटरला ५ मिलिग्रॅम आहे. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, चार मीटर उंच गाळ्यात २४० घनमीटर हवा मावते. म्हणजे एकूण १२०० मिलिग्रॅम तेल. हे तेल दीड मिलिलिटरही भरत नाही. चहाच्या चमच्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी तेल बंद गाळ्यात तुषार होऊन पसरले, तर मर्यादा गाठली जाते. पंपातले तेल दर आठवड्याला कोठे कमी होते, असा प्रश्न तक्त्याच्या रोजच्या तपासणीतून सहज निघायला हवा. आम्ही तो विचारला, तेव्हा ‘पंप तेल खातो’ असे उत्तर आले.

‘चांगल्या प्रतीचे तेल’ या शब्दांबद्दल थोडेसे. चांगले कशासाठी? मोटारीच्या इंजिनाचे महागडे तेल इंजिनासाठी चांगलेच असते. त्यात काजळी आणि पाणी तरंगत ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. निर्वात पंपात मात्र पाणी तेलापासून सुटे होऊन खाली बसावे, असे आपल्याला हवे असते. शिवाय तेलाचीही वाफ होते, आणि तिचा जो दाब त्याच्याखाली पंप जाऊ शकत नाही. म्हणून पंपाच्या तेलातून सहज उडून जाणारे अंश काढलेले असतात. पिशव्या बंद करण्याच्या कामाला फार खोल निर्वात लागत नाही, त्यामुळे इंजिनाचे तेल घातले तरी पंप काही महिने चालतो, आणि ज्याने घातले त्याला आपले बरोबर होते असे वाटते.

शेवटची ओळ ‘जुने तेल काढून टाकावे’. काढावे हे ठीक. पण कोठे टाकावे? २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार यंत्रांतून काढलेले वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते साठवून परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायचे असते. एका गाळ्यातून एका वेळी दोन-चार लिटर निघते, तेवढ्यासाठी कोणी घ्यायला येत नाही, अशी गाळेवाल्यांची अडचण आहे आणि ती खरी आहे. दहा-वीस गाळ्यांनी मिळून झाकणाचा एक पिंप ठेवला, तर तो भरतो आणि घेणाराही येतो. वालीवला अशा एका पिंपावर खडूने ‘फक्त पंपाचे तेल, पाणी नको’ असे लिहिलेले आम्ही पाहिले. बाकी ठिकाणी गाळ्याच्या मागच्या भिंतीला लागून उघडे गटार होते, आणि त्या वसाहतींची गटारे पुढे खाडीकडे जातात.